रबराच्या रोपवनातली मोळी

माय,

बाबा आतल्या खोलीत झोपलेत आणि मी जेवणाच्या टेबलावर कंपनीचं कोटेशन काढून बसलोय, म्हणजे बसल्यासारखं दाखवतोय. गेल्या रविवारपासून घरात कुठे खुट्ट झालं तरी माझी मान तिकडे वळते. तशी ती आधीही वळायची म्हणा. माझे कान लहानपणापासूनच तसे, तूच म्हणायचीस की या पोराला मुंगीची ढेकरही ऐकू येते. पण आधी आवाज आला की मी तो ओळखायचो आणि सोडून द्यायचो: ही लिफ्ट, ही शेजारच्या चिनी आजीची खलबत्त्यातली ठकठक, हा वरच्या मजल्यावरच्या पोराचा चेंडू. आता आधी छातीत धस्स होतं, ओळख मागाहून पटते. काल कुरिअरवाल्याने बेल वाजवली तर बाबा उठले आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावून उभे राहिले. दिवासुद्धा लावला नाही. तुझी सून दाराबाहेरून सांगत होती, "बाबा, पार्सल होतं हो, नातीची पुस्तकं आलीत." बऱ्याच वेळाने कडी निघाली. बाहेर येऊन त्यांनी तिला एवढंच विचारलं, "गेला का तो?"

तू गेलीस तेव्हा मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पुढचं तुला काहीच ठाऊक नाही. फिटर झालो, कारखान्यात लागलो, आणि एका एजंटाच्या ओळखीने इथे सिंगापूरला आलो. इथे जुरोंग आयलंड म्हणून एक बेट आहे, तेलाच्या आणि रसायनांच्या कारखान्यांनी भरलेलं. गळ्यात पास नसेल तर तिथे माशीलाही आत घेत नाहीत. सकाळी कंपनीच्या बसने जायचं, पंप दुरुस्त करायचे, संध्याकाळी त्याच बसने डॉर्मिटरीत परत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतलं ऐकायचं, या कामात माझा हात बसला, किंवा कान बसला म्हण. गोड बोलून चार गिऱ्हाइकं जोडली, स्वतःची लहानशी कंपनी काढली, यिशुनला फ्लॅट घेतला. आता मी इथला पीआर, कायमचा रहिवासी आहे, म्हणजे मला उठसूट कोणी परत पाठवू शकत नाही. बाबांना मात्र पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, हा एकच शब्द कळतो. माझ्या पहिल्या वर्षांच्या पत्रांतून त्यांनी तो उचलला. पास मिळाला, पास वाढला, पास रद्द झाला तर परत यावं लागेल. त्यानंतर माझं कितीही बदललं तरी त्यांच्या लेखी मी अजून त्या पासाला लोंबकळतोच आहे.

यंदा कसेबसे तयार झाले आणि आले. बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी आमच्यातल्या काही मराठी कुटुंबांनी सहल काढली. माझा एक मित्र आहे, बेटावर इंजिनिअर, अमरावतीकडचा, तोंडाने मोकळा. तो सकाळी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "जयभीम बाबा! चला, आज तुम्हाला सिंगापूरचं जंगल दाखवतो." बाबांनी जयभीम घातला आणि विचारलं, "जंगल? इथं? कोन्या माळ्यावर हाय?" सगळी गाडी हसली. त्यांचंही चुकलं नव्हतं. आल्यापासून त्यांना जे जे दाखवलं ते लिफ्टने वर नेऊनच दाखवलं होतं, बागसुद्धा.

यिशुनच्या पलीकडे, मंडाईच्या बाजूला, मोठ्या तलावामागे एक माळ आहे. त्याला माळ म्हणायचं ते मनाच्या समाधानासाठी. विजेच्या मोठ्या मनोऱ्यांखाली झाडं वाढू देत नाहीत, म्हणून तिथे कमरेएवढं गवत माजतं. इथले लोक त्याला लालांग म्हणतात. वर तारा गुणगुणत असतात, बाकीच्यांना ते ऐकू येत नाही, मला दात शिवशिवल्यासारखं होतं. बाबा त्या गवतात शिरले, वाकले, एक काडी उपटून दातांत धरली. "हे तं आपल्याकडलं हाय रे," म्हणाले, आणि आल्यापासून पहिल्यांदा मोकळे हसले. पायात मी घेऊन दिलेले पांढरे बूट होते, त्यात ते कोंबडीसारखे पाय उचलून चालत होते. माझी पोरगी, अकरा वर्षांची, त्यांचं बोट धरून. पुढे पायवाटेच्या कडेला एक लाल पाटी लागली. बंदूक रोखलेला शिपाई, समोर हात वर केलेला माणूस, आणि खाली चार भाषांत मजकूर. पलीकडे लष्कराची हद्द आहे. पोरगी आजोबांना ओढत म्हणाली, "आजोबा, डोन्ट गो दॅट साइड, ओके? आर्मी विल शूट यू. देन पपाज पास ऑल्सो कॅन्सल, लाह!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, "काय म्हनते?" मित्राने मध्येच भाषांतर केलं, "म्हणते, तिकडं पाऊल टाकलं तर तुमच्या पोराचा पास गेला!" पुन्हा हशा. बाबा हसले की नाही ते मी पाहिलं नाही. मी ऐकत होतो. फार लांब, पाटीच्या पलीकडे कुठेतरी, टप टप टप असा आवाज येत होता. रविवारीही गोळीबाराचा सराव चालतो की काय, असं मनात आलं आणि मी पोरीला अलीकडे ओढलं.

माळ संपला आणि झाडं सुरू झाली. दाट, काळोखी, वेलींनी बांधून टाकलेली, खाली हाताएवढे नेचे. मित्र म्हणाला, बघा, अस्सल जंगल. बाबा मात्र थांबले, एक डोळा मिटला, मान थोडी तिरकी केली. "हे रान नोहे," ते म्हणाले. "हे लावलेलं हाय. इकडून पाह्य. ओळ हाय." मी त्यांच्या मागे जाऊन पाहिलं, माय. खरंच ओळ होती. मधल्या वाढलेल्या रानाआड जुनी झाडं एकामागे एक, सारख्या अंतरावर, शेवटपर्यंत उभी होती. रबराची लागवड. कोणे एके काळी लावली आणि सोडून दिली. खोडांवर चीक काढायच्या तिरप्या खुणा अजून दिसत होत्या. एवढ्या वर्षांत मी समुद्र पाहिले, आगीशेजारी काम केलं, उंच टाकीवर लटकलो, कधी भ्यायलो नाही. पण सरळ ओळीत लावलेली झाडं पाहिली की माझी बोटं गार पडतात. का ते तुला ठाऊक आहे.

आपल्या गावामागचा माळ आणि त्यामागचं फॉरेस्ट खात्याचं सागाचं रोपवन. माळावर दगड आणि कुसळ, सरपण सगळं रोपवनात. तुम्ही बाया सकाळी आत शिरायच्या, बाबा बाहेर रस्त्यावर सायकल धरून उभे राहायचे, मोळ्या गावात पोचवायला. मी तुझ्यामागे. तुम्ही वाळलेलंच उचलायच्या, पण गार्डला वाळलेलं काय आणि ओलं काय. त्याला गावातल्या सगळ्यांची नावं पाठ होती. ओळीच्या टोकाला उभा राहून तो नाव घेऊन हाक मारायचा, अगदी गोड आवाजात, की अगं ये, तुझ्या घरून निरोप आलाय. जिने ओ दिली ती सापडली. म्हणून आत कोणाला नाव नव्हतं. मी एकदा तुला माय म्हणून हाक मारली, तर तू चार झाडं ओलांडून आलीस आणि माझ्या थोबाडात दिलीस. "इथं मी कोनाची माय नाई. समजलं?" तुझा आवाज दबलेला आणि डोळे मोठे. घरी आल्यावर चुलीपुढे जवळ घेतलंस, भाकरीचा पहिला पापुद्रा मला दिलास आणि फुंकणीने चुलीच्या दगडावर वाजवून शिकवलंस. एक ठोका, थांबून दोन: कुठे आहेस? तसंच परत आलं तर: इथे आहे. आणि लागोपाठ तीन आले तर मी अडकले, तू निघ. मी विचारलं होतं, तीन आल्यावर तुला सोडवायला यायचं का? तू फुंकणी खाली ठेवलीस. "येडा हायेस का? तीन म्हंजे मांगं पाहाचंबी नाई."

आणि एक दिवस तीन आले. मी पळालो, शिकवल्याप्रमाणे, काटे तुडवत, माळ ओलांडून थेट बाबांच्या सायकलीपाशी. ठोके बाबांनाही ठाऊक होते, ते समजले. ती दुपार मी विसरलेलो नाही. बाबा हँडल दोन्ही हातांनी धरून रोपवनाकडे बघत उभे आणि मी त्यांच्या सावलीत बसून ऐकत होतो. पानांचा, तित्तिरांचा, लांबच्या बैलगाडीचा, सगळे आवाज येत होते, फक्त तुझा नाही. उन्हं कलली तेव्हा तू माळावरून आलीस. कुऱ्हाड नव्हती, मोळी नव्हती. तू पाणी मागितलंस. काय झालं ते तू सांगितलं नाहीस आणि बाबांनी विचारलं नाही. रात्री माझ्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणालीस, "पळाला ते बरं केलं."

तर त्या रबराच्या झाडांखाली आम्ही चटई टाकली. पोहे, चकल्या, थर्मासमधला चहा, पोरांचा गोंधळ, माकडांपासून पिशव्या वाचवायची धडपड. तुझ्या सुनेने बाबांची साखरेच्या आजाराची गोळी काढली आणि मान वर करून म्हणाली, "बाबा कुठे गेले?" आत्ता तर इथे होते, कोणीतरी म्हणालं. मित्र हातातली चकली मोडत म्हणाला, "जातील कुठे? या देशात हरवायला जागा तरी आहे का? दोन पावलं चाललं की मॉल लागतो." सगळे हसले. मीही हसलो. मग हाका सुरू झाल्या. कोणी काका म्हणतंय, कोणी बाबा, कोणी आजोबा. ते सगळं रान नात्यांच्या हाकांनी भरून गेलं आणि एकाही हाकेला उत्तर आलं नाही.

भीती कशी चढते ते मला त्या दिवशी नीट कळलं. आधी वाटलं लघवीला गेले असतील. मग वाटलं वाट चुकले असतील. मग एकेक आठवायला लागलं. पाण्याची बाटली चटईवर आहे. गोळी बायकोच्या हातात आहे, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही. मोबाइल दिला होता तोही तिच्या पर्समध्ये, त्यांना तो लावता येत नाही म्हणून. एका बाजूला तलाव. एका बाजूला ती लाल पाटी. आणि पुन्हा टप टप टप. त्यात आता दुसरा एक आवाज मिसळला होता, खालच्या पट्टीतला, जमिनीतून आल्यासारखा. बाकीचे म्हणाले, हे पण लष्कराचंच. मी म्हटलं, नाही, हा गडगडाट आहे. इथलं वादळ दुपारी येतं आणि सांगून येत नाही, आणि मोकळ्या माळावर मनोऱ्यांखाली वीज पडते. आम्ही पुरुष चारी दिशांना गेलो आणि चारी दिशांनी रिकामे परत आलो. माझा शर्ट अंगाला चिकटला होता आणि पोरगी मला विचारत होती, "पपा, आर्मी गॉट शूट आजोबा ऑर नॉट?" मी तिच्यावर खेकसलो. मग ती रडली. मग बायकोने वाटेवरच्या पार्क खात्याच्या पाटीवरून नंबर घेऊन फोन केला.

पार्कचा माणूस आला तो मलाय होता, पन्नाशीचा, शांत. अंगात गणवेश, हातात भोंगा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "फादर्स नेम, सर?" मी सांगितलं. माय, बाबांचं नाव मी जन्मात कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. ते मी कागदांवर लिहिलं, साहेबांना हळू आवाजात सांगितलं, पण हाक म्हणून कधी नाही. त्या माणसाने ते भोंग्यात घातलं, वाकडंतिकडं, पण ओळखू येईल इतपत सरळ. मिस्टर अमुक तमुक, प्लीज आन्सर. ते नाव झाडांच्या ओळींतून शेवटपर्यंत गेलं आणि तिकडून काही आलं नाही. त्याने पुन्हा हाक दिली. या वेळी मी डोळे मिटून ऐकत होतो, पंपाला कान लावतो तसं. आणि मला ऐकू आलं. डावीकडे, खाली उताराला, काटकी मोडली. मग दुसरी, त्याहून लांब. माकड असतं तर वर आवाज झाला असता. हे जमिनीवर होतं, जड होतं, आणि हाकेपासून लांब चाललं होतं.

तेव्हा मला कळलं. आम्ही त्यांना शोधत नव्हतो, हाकलत होतो. ओळीत लावलेली झाडं, ओळीच्या टोकाला गणवेशातला माणूस, आणि तो नाव घेऊन बोलावतोय. तुझ्या घरच्या माणसाने काय करावं अशी अपेक्षा होती? जेवढी मोठी हाक, तेवढे ते खोल जाणार. आणि खोल म्हणजे कुठे, तलावाकडे की पाटीकडे, ते मला सांगता येईना. मी त्या माणसाच्या भोंग्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "बॉस, फाइव्ह मिनिट. नो शाउटिंग. नोबडी टॉक. प्लीज." त्याने आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "स्टॉर्म कमिंग, सर. आफ्टर दॅट आय मस्ट क्लिअर एव्हरीबडी." मी म्हटलं, माहीत आहे. तो म्हणाला, "कॅन. बट फाइव्ह ओन्ली, आह." मित्राने माझा दंड धरला, "अरे, काय करतोयस तू? डोकं ठिकाणावर आहे ना?" बायकोने त्याला गप्प केलं. तिला मी हे कधी सांगितलेलं नव्हतं, पण माझा चेहरा पाहून ती काय ते समजली असावी. सगळे जागच्या जागी बसले. पोरांच्या तोंडावर आयांचे हात.

मी सुकलेली फांदी उचलली आणि एका वठलेल्या खोडावर मारली. एक. थांबून दोन. सागाचा आवाज खणखणीत असतो, रबराचा तसा नाही, तो पोटातल्या पोटात राहतो. मला वाटलं, हा तिथवर पोचणारच नाही. काही आलं नाही. मी पुन्हा मारलं. पुन्हा काही नाही, फक्त वरच्या पानांवर पहिले थेंब. मी दुसरं खोड शोधलं, जास्त पोकळ, आणि पुन्हा विचारलं, कुठे आहेस? आणि मग उताराखालून उत्तर आलं, स्पष्ट, घाईघाईने, लागोपाठ तीन.

ते जिवंत आहेत एवढं कळलं. आणि मला सांगतायत की निघ, मागे पाहू नको.

मी गेलो. नेच्यांतून, वेलींतून, ओळ धरून उताराला. खाली जुनी खोदलेली चरी होती, पावसाचं पाणी वाहून न्यायची, पानांनी अर्धी भरलेली. तिच्यात बाबा उकिडवे बसले होते. टोपी काढून मांडीखाली घेतलेली, पांढरी टोपी लांबून दिसते म्हणून. पांढऱ्या बुटांना चिखल फासलेला, तोही मुद्दाम. हातात ठोके द्यायची काठी. आणि पाठीमागे पानांनी झाकलेली एक मोळी होती, माय. चांगली नीट रचलेली, वेलीने दोन ठिकाणी आवळलेली.

"तुले येऊ नको म्हनलं होतं," बाबा म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, हे काय आहे?"

"हळू बोल. त्यानं तुहं नाव घेतलं? कागदावर लिवलं?"

"काही लिहिलं नाही. वर चला. गोळी घ्यायचीय."

"एवढं सरपण पडून हाय रे. सडून चाललं, कोनी उचलत नाई. हात गेला माहा. बांधून झालं आन् तो नावानं बोलवाले लागला." त्यांनी मोळीवरची पानं आणखी सारखी केली. "म्हनलं, आता माह्यापायी तुहा पास जाते."

"आणि इथेच बसून राहणार होता?"

"अंधार पडला का निंगालो असतो."

"कुठे?"

"रस्त्यानं."

"कोणत्या रस्त्याने, बाबा?"

ते जन्मभर रस्त्यावर उभे राहिले होते, आत तू जायचीस. आत गेल्यावर बाहेर कसं पडायचं ते त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी चरीत उतरलो, त्यांचा हात धरला. तेवढ्यात वर पार्कचा माणूस आला, मागे मित्र. बाबांनी त्याचा गणवेश पाहिला आणि माझा हात झटकला. झटकलाच, माय, मला धक्का बसला एवढ्या जोरात. मग उठून उभे राहिले, माझ्यापुढे आले, मोळी पायाने पुढे सरकवली आणि दोन्ही हात जोडून त्या माणसाला म्हणाले, मराठीत, "मोळी माही हाय. हा मानूस माह्यासंगं नाई. मी याले वळखत नाई."

"व्हॉट ही सेइंग?" पार्कच्या माणसाने मला विचारलं.

गिऱ्हाइकाला पंपाबरोबर पंखाही विकून येणारा माणूस मी. मित्र भाषांतर करायला पुढे झाला, त्याला मी हाताने मागे सारलं. मग मी म्हटलं, "ही सेज सॉरी."

त्या माणसाने मोळीकडे पाहिलं, वाकून वेलीची गाठ पाहिली, बाबांच्या बुटांकडे पाहिलं. "अंकल, फॉर व्हॉट? बार्बेक्यू, इज इट?" मग माझ्याकडे वळून, "कॅनॉट टेक, आह. एव्हरीथिंग लीव्ह हिअर. कम, कम, रेन ऑलरेडी." त्याने स्वतःची छत्री उघडून बाबांच्या डोक्यावर धरली. बाबांना वाटलं, आपल्याला पकडून नेतायत. छत्रीखाली चालता चालता ते मागे वळून मला खुणावत होते, तू जा, तू दुसरीकडून जा. गाडीपाशी आल्यावर, पोहे आणि गोळी पोटात गेल्यावर, पोरगी गळ्यात पडल्यावरही ते त्या माणसाकडेच बघत होते. तो गेला, हात हलवून गेला, तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

घरी येऊन मी त्यांना माझी कागदपत्रं दाखवली. हे बघा, ओळखपत्र. हे घराचं. हे कंपनीचं. मला पास लागत नाही आता, बाबा. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, इंग्रजी कळत नसताना वाचलं, आणि मला परत दिलं. "देते तो काढूनबी घेते," म्हणाले. मी हसण्यावारी नेलं. मग त्यांनी परतीच्या तिकिटाची तारीख अलीकडे घेता येते का, ते विचारलं. मी एअरलाइनला अजून फोन केलेला नाही. रोज सांगतो, लागत नाही.

भ्यायलेत, पण एका गोष्टीने त्यांची छाती फुगलीय. गावाकडून आत्याचा फोन आला की तेवढा वेळ ते माणसात येतात. मला इथे टेबलावर सगळं ऐकू येतं. "तीन देल्ले मी," ते सांगतात, "पक्के तीन. तरी आला पोट्टा. मांगं पाह्यलं नाई त्यानं. सरळ आला." आत्या तिकडून काहीतरी म्हणते. मग ते म्हणतात, "त्याची माय असती तं मारलं असतं त्याले," आणि हसतात. रोज हेच सांगतात, आणि मी रोज कोटेशनमध्ये डोकं घालून बसतो.

तुला वाचता येत नव्हतं. कोणाचं पत्र आलं तर बाबाच वाचायचे आणि तू चुलीपाशी हात थांबवून ऐकायचीस. तुझ्यापर्यंत काही पोचवायचं तर अजूनही ते त्यांच्या तोंडूनच पोचेल असं मला वाटतं, आणि हे त्यांच्या हाती देता येणार नाही. तीन ठोके आले आणि मी गेलो, असं वर लिहिलंय. त्यात मधला थोडा वेळ राहिला. तीन ऐकले आणि मी वळलो होतो, माय. उताराकडे नाही, रस्त्याकडे. डोक्याने काही ठरवलं नव्हतं, पाय आपसूक निघाले, आणि चालणं नव्हतं ते, मी पळत होतो. समोर माझी पोरगी उठून उभी होती. तिचेही कान माझ्यासारखेच निघालेत, तिनेही ते ऐकलं होतं. ती म्हणाली, "पपा, दॅट वन आजोबा, राइट? देन व्हाय यू गोइंग धिस वे?" मी तिला म्हटलं, वाट शोधतोय. आणि मग मी फिरलो. ती तिथे उभी नसती तर मी कुठवर गेलो असतो, मला माहीत नाही.